बाभूळसांगवीचा अटलांटिक

भूगोल हे शास्त्र आहे. पृथ्वीच्या पाठीवरची कोणतीही वस्तू कुठं आहे, हे अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांनी सांगता येतं. तिसऱ्या कशाची गरज लागत नाही. नवसाची नाही, नारळाची नाही आणि आईच्या जिवाची तर मुळीच नाही. नगरच्या कॉलेजात मी हे पंधरा वर्षं शिकवत आलो. आणि त्र्याहत्तर सालच्या मार्चात, भर दुपारी, पाथर्डी तालुक्यातल्या एका कोरड्या खड्ड्यात उतरून, टोपी उडालेली, एक चप्पल तुटलेली, अशा अवस्थेत मी ओरडत होतो की सुरुंगाला बत्ती देऊ नका, इथं जहाज आहे.

ऐकणारे शे-दोनशे लोक होते. एकही हसला नाही. तेच जास्त वाईट.

तर ते दुष्काळाचं वर्ष. कॉलेजनं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर काढलं आणि मला प्रमुख करून बाभूळसांगवीच्या पाझर तलावाच्या कामावर धाडलं. मदतीत आलेल्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी पाहून विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच आजारी पडले आणि नगरच्या एसटी स्टँडवर उतरताच बरे झाले. मला परत बोलावण्याचा हुकूम मात्र निघायचा राहून गेला. त्यामुळे मी शिबिरप्रमुख होतो, शिबिर नव्हतं. शाळेच्या खोलीत झोपायचं, सकाळी कामावर जायचं आणि ओव्हरसियर श्रीमंत गर्जे यांच्या छत्रीच्या सावलीचा उरलेला तुकडा मागून घ्यायचा, असा दिनक्रम.

काम म्हणजे एक लांबच लांब मातीचा भराव. दक्षिणेला गर्भगिरीचे उघडे डोंगर, पुढं पांढरं पडलेलं रान, आणि भरावाच्या पोटात ते तलाव होऊ घातलेलं मैदान. त्या मैदानातली माती खणायची, घमेल्यानं भरावावर टाकायची. पुढं पाऊस पडला की खड्ड्यात पाणी साठेल, अशी सरकारची समजूत होती. पाऊस पडायची अट सोडली तर योजना चांगली होती.

एका दुपारी मजुरांना सुकडीचा खाऊ वाटून झाल्यावर एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. पन्नाशीची, उन्हानं करपलेली, डोक्यावर चुंबळ तशीच. झुंबरबाई तिचं नाव. कंबरेच्या पिशवीतून तिनं एक रंगीत कार्ड काढलं. कार्डावर निळ्या समुद्रात एक लांबलचक जहाज.

"गुरुजी, तुमी भूगोलाचं ना? मंग हे कुटं हाय आत्ता?"

तिचा एकुलता एक मुलगा, आसाराम, त्या जहाजावर फिटर होता. हे कसं घडलं तेही तिनंच सांगितलं. दरवर्षी उसतोडीला कोपरगावकडं जायचं. पोरगं कोयता धरायचं सोडून कारखान्याच्या पंपाशी घुटमळायचं. तिथं फिटर झालं, तिथून मुंबईला गेलं आणि मुंबईहून थेट समुद्रात. कार्डाच्या मागं कंपनीनं जहाजाची माहिती छापली होती: एम. टी. आर्गिरो, तेलवाहू, ऐंशी हजार टन, लांबी दोनशे त्रेचाळीस मीटर, वेग ताशी पंधरा सागरी मैल, शिवाय खोली वगैरे बारीक आकडे. त्याखाली आसारामचं बाळबोध अक्षर: कुवेतला तेल भरायचं, बारा फेब्रुवारीला तिथून सुटायचं. रॉटरडॅमला खाली करायचं. तिथं माझा करार संपतो, मग घरी येतो.

"दोन साल झाले त्याचं त्वांड बगून," झुंबरबाई म्हणाली. "रातीला डोळं मिटलं की नुसतं पानी दिसतं. कुटं हाय येवढं कळलं तरी मी घमेली जास्त उचलीन."

शेवटचं वाक्य गर्जेंनी ऐकलं आणि ते खुर्चीत सरळ बसले.

मी नकाशा काढला. कागदावर नाही, कागदावर तिला काय कळणार? भरावाची आखणी करायला चुन्याची पांढरी फक्की होती. त्या फक्कीनं मी तलावाच्या तळावर पृथ्वीचा हवा तेवढा तुकडा आखला. एक अंश म्हणजे एक पाऊल. कुवेत भरावाच्या टोकाला, आफ्रिका मधोमध, युरोप पार वर बाभळीखाली. पंधरा वर्षांत असा तास मी घेतला नव्हता. लोक कडेनं उभे राहून बघत होते आणि मला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटत होतं.

"हे लांबड्या वाटंनं का चाललंय?" एकानं विचारलं. हा कानिफनाथ, गावचा पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ घेऊन रान फिरायचा. नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्यानं दाखवलेल्या जागी खणलेल्या विहिरी गावात बऱ्याच होत्या. एकीतही पाणी नव्हतं, पण सावली चांगली होती.

"मधला सुवेझ कालवा लढाईमुळं बंद आहे," मी म्हणालो.

"म्हंजे तिसगावची वाट बंद म्हनून मिरीवरनं वळसा. मंग सरळ सांगा की!"

"आन दोनशे त्रेचाळीस मीटर म्हंजे किती?" दुसऱ्यानं विचारलं.

"आपल्या भरावापेक्षा लांब."

सगळ्यांनी मान वळवून भराव पाहिला. मग कानिफनाथानं विचारलं, "वळतं कसं?"

"हळूहळू."

जहाज म्हणून त्यांनी दगडी डोणी आणली. गुरं छावणीत गेली होती, त्यामुळे विहिरीवरची गुरांना पाणी पाजायची डोणी रिकामीच पडली होती. दोन वीत उंच, माणूस उकिडवा बसेल एवढी. चौघांनी ती उचलून कुवेतवर ठेवली. तिथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झुंबरबाईनं केला. ती म्हणाली, "आन म्होरं समिंदर कुटंय? भुईवरनं जहाज कसं जाईल?"

आणि हातात घमेलं घेऊन तिनं इराणचं आखात खणायला सुरुवात केली.

माती कुठून तरी खणायचीच होती. गर्जे म्हणाले, समुद्राची घ्या, मला काय, भराव वर आला की झालं. आणि भराव असा वर आला की तालुक्याचे साहेब जीप घेऊन बघायला आले! टोळ्या पडल्या. अरबी समुद्राची टोळी, मादागास्करची टोळी. जमीन सोडायची, समुद्र तेवढा खणायचा. मी रोज सकाळी हिशेब करून सांगायचो की जहाज आज सहा पावलं पुढं जाईल, आणि त्याच्या आत तेवढा समुद्र तयार व्हायचा. "सरा, सरा, जहाज येतंय!" अशा आरोळ्या. बायका ओव्या सोडून बंदरांची नावं घ्यायला लागल्या. आफ्रिकेवर बसून लोक भाकरी खायचे, हिंदुस्थानात चहाची चूल होती. दुष्काळात माणसं इतकी उत्साहात मी पाहिली नाहीत. आणि त्यांच्यात सगळ्यात जास्त उत्साही शिबिरप्रमुख होता.

पहिली गोष्ट मी लक्षातच घेतली नाही. कुवेत सोडायच्या दिवशी डोणी चौघांना उचलेना. आठ जण लागले.

"भरलं जनू," झुंबरबाई म्हणाली.

मिलो खाऊन माणसं कमजोर झालीत, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याच लोकांनी त्या दिवशी एडनपर्यंतचा समुद्र खणला होता.

दुसरी गोष्ट डोणीच्या अंगावर दिसली. बाहेरच्या बाजूला, दीड वितीच्या उंचीवर, चारी अंगांनी एक ओली रेघ. रेघेखाली दगड काळा, वर करडा. दव असेल. त्या वर्षी बाभूळसांगवीत दव पडत नव्हतं, हा भाग वेगळा. कुतूहल म्हणून मी झुंबरबाईकडून कार्ड मागून पाहिलं: जहाजाची खोली किती, भरल्यावर पाण्यात किती. मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं. उत्तर दीड वीत आलं. मी कार्ड झुंबरबाईला परत केलं आणि याबद्दल कोणाशी बोललो नाही.

केपचं टोक वळलं त्या सकाळी झुंबरबाईनं माझा हात धरून डोणीवर ठेवला. बाई कधी हाताला धरायची नाही, मी दचकलोच.

"हे बगा."

दगड थरथरत होता. अगदी बारीक. लांब कुठं पिठाची गिरणी चालू असावी आणि तिच्या भिंतीला हात लावावा, तसा.

"रस्त्यानं रोलर जात असेल," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "आसाराम चालवीत आसंल."

त्यानंतर कामावर येताना प्रत्येक जण डोणीला हात लावून पुढं जाऊ लागला, देवळात घंटेला लावतात तसा. गर्जेही लावायचे. छत्री सावरण्याचं निमित्त करून.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यानं जहाज वर निघालं. रोज सहा पावलं. झुंबरबाई आता कमी बोलायची आणि जास्त हसायची. रॉटरडॅमच्या बाभळीला तिनं एक जुनं खणाचं चिरगूट बांधून ठेवलं होतं, पोराला लांबून दिसावं म्हणून. आणि मग डाकारच्या थोडं बाहेर, जिथं आफ्रिकेचं पोट पुढं येतं, तिथं टिकावाचा आवाज बदलला. खण्णकन. खाली कातळ लागला होता. काळा, एकसंध, वरपर्यंत सगळा अटलांटिक कातळाचा.

डोणी त्या कातळावर येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी ती हलवायला गेलो तर हलेना. आठ जण, मग बारा, मग पहारी घातल्या. पहार वाकली. मी हात लावून पाहिला. थरथर बंद. दगड नुसता दगड होता. गार, आणि ओला.

"पुढं खणलेलं नाही म्हणून लोक घाबरलेत, नीट जोर लावत नाहीत," मी गर्जेंना म्हणालो. "जहाजाला काय, ते आपल्या वाटेनं गेलंच आहे." आणि हिशेबाप्रमाणे जिथं जहाज असायला हवं तिथं रोज फक्कीची फुली मारू लागलो. फुली कॅनरी बेटांच्या पुढं गेली, पोर्तुगालच्या पुढं गेली. डोणी डाकारलाच. झुंबरबाई फुलीकडं बघायचीसुद्धा नाही. ती जेवेना. कामाला आली तरी रिकामं घमेलं डोक्यावर घेऊन डोणीभोवती फिरायची.

अशात कानिफनाथ नारळ घेऊन कातळावर आला. चार पावलं चालला आणि डोणीपाशी नारळ उभा राहिला. मी स्वतः बघितला. तळहातावर, शेंडी वर, सरळ.

"पानी!" कानिफनाथ ओरडला. "हितं पानी हाय! ह्या डोनीच्या बुडाखाली!"

गावातल्या शेवटच्या विहिरीत तेव्हा बायका वाटीनं पाणी भरत होत्या. गर्जेंच्या दृष्टीनं तर दुधात साखर: सुरुंगानं कातळ फुटेल, दगड भरावाला मिळेल, आणि पाणी लागलं तर वर नाव जाईल. शेवगावच्या कामावरचा सुरुंगवाला एका दिवसासाठी मागवला गेला. डोणी हलत नाही तर राहू द्या, तिच्यासकट उडवू, असं ठरलं.

झुंबरबाई गर्जेंच्या पायाशी बसली. "सायेब, आदी माजं पोरगं कुटं हाय ते सांगा. मंग काय उडवायचं ते उडवा."

गर्जे माझ्याकडं वळले. "सर, तुमच्या हिशेबानं जहाज कुठंय?"

"स्पेनच्या पुढं."

"नक्की?"

"हे शास्त्र आहे."

"झालं तर मग. बाई, ऐकलं? इथं नाही ते. उद्या दुपारी जेवणं झाली की बार."

झुंबरबाईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला झोप लागली असती. ती म्हणाली, "गुरुजी, तुमी सवता इचारून या. येवडंच करा. तुमी इचारलं आन फुलीवर हाय म्हनलं, तर मी बाजूला व्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल मारत मी पाथर्डीला गेलो. पोस्टातून मुंबईला, जहाजाच्या एजंटाच्या कचेरीला अर्जंट ट्रंक कॉल लावला आणि बाकावर बसलो. मी बरोबर आहे हे ऐकायला आलो होतो. परीक्षेचा निकाल आधीच ठाऊक असलेल्या मुलासारखा.

फोन लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"आर्गिरो?" पलीकडचा कारकून म्हणाला. "आपण जहाजाचे कोण?"

"भूगोलाचा प्राध्यापक."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "थांबलंय ते. इंजिन बंद पडलं. चार-पाच दिवस झाले, नुसतं उभं आहे. काय बिघडलंय तेच सापडत नाही म्हणतात."

"कुठं?"

"पोझिशन सांगू? घ्या लिहून. चौदा उत्तर, अठरा पश्चिम."

मला लिहायची गरज नव्हती. डोणी अडली होती त्याच त्या पावलावर मी रोज सकाळी उभा राहत होतो.

परतीच्या वाटेचं मला फारसं आठवत नाही. समोरून वारा होता, तापलेला, तोंडात माती जात होती. टोपी कुठंतरी उडाली. चढावर चप्पल तुटली ती तिथंच टाकली. सगळी वाट मी मनात एकच वाक्य म्हणत होतो: नकाशा म्हणजे जमीन नव्हे, नकाशा म्हणजे जमीन नव्हे. पहिल्या वर्षाला पहिल्याच तासाला मी हे फळ्यावर लिहितो. आणि वाक्य म्हणता म्हणता पाय आणखी जोरात मारत होतो, कारण त्या जहाजात ऐंशी हजार टन तेल होतं.

भरावाच्या अलीकडं लाल निशाण लागलेलं दिसलं. माणसं पलीकडं जाऊन बसली होती. कातळाला भोकं पाडून दारू ठासून झाली होती. वाती बाहेर लोंबत होत्या. सुरुंगवाला विडी ओढत उभा होता.

आणि डोणीत झुंबरबाई बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी कड धरून.

"आक्का, उठ की गं," कानिफनाथ विनवत होता. "पोरी तान्हेल्या हायत गावात. पानी लागंल, तुजंच नाव देऊ हिरीला."

"कानिफा, मेल्या, तुजा नारळ तुज्यावरच उबा ऱ्हाऊ दे. मी उतरायची न्हाई."

गर्जे घड्याळ दाखवून सुरुंगवाल्याशी बोलत होते. तेवढ्यात मी त्या खड्ड्यात उतरलो, आणि काय ओरडलो ते सुरुवातीलाच सांगितलं आहे.

"सर," गर्जे हळू आवाजात म्हणाले, "काल तुम्ही स्पेन म्हणालात."

"काल मला माहीत नव्हतं."

"आणि आज?"

"आज फोन केला. ते थांबलंय. इथं. या इथं."

मी बोट दाखवलं. बोट झुंबरबाईच्या पदरावर आलं.

सुरुंगवाल्यानं विडी विझवली, सावकाश, चपलेखाली. शेवटी झुंबरबाईच डोणीतून उठली.

"आता पटलं ना? मंग उबं काय ऱ्हायलाव? वडा!"

विहिरी आटल्यापासून मोटांचे नाडे घराघरात नुसते टांगलेले होते. ते आले. डोणीला फास घातले. भरावामागची माणसं उतरली, बायका उतरल्या, गर्जेंनी छत्री मिटून खाली ठेवली. कानिफनाथानं नारळ धोतरात खोचला आणि पहिला दोर धरला.

ओढलं.

काही नाही.

पुन्हा. नाडा ताणून वाजायला लागला. माझ्या तळहाताची सालं निघाली. डोणी जिथल्या तिथं.

झुंबरबाई दोर सोडून डोणीशी गेली. घमेलं डोक्यावर घ्यायला शेजारणीला हाक मारतात, तशी ती डोणीत वाकून म्हणाली, "आसाराम, हात लाव की रं जरा!"

मी दोराच्या डोणीकडच्या टोकाला होतो.

आधी दोरातून आलं. बारीक. मग हातात, मग कोपरात.

थरथर.

"लागलं!" कोणीतरी किंचाळलं.

डोणी निघाली. ओढावी लागली नाही. आम्ही पुढं पळत होतो आणि ती मागून येत होती, दोर सैल.

कॅनरी. पोर्तुगाल. माझी फुली.

खडबडीत कातळावरून, आवाज न करता.

बाभळीखाली, चिरगुटापाशी, ती थांबली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, गर्जे रडत होते आणि डोळ्यात माती गेली म्हणत होते. मी मागं वळून पाहिलं. दगडावर दगड घासत इतक्या लांब आला होता. कातळावर एक ओरखडा नव्हता. एक रुंद ओला पट्टा होता फक्त, आणि बघता बघता तो वाळून गेला.

मग शिट्टी झाली, सगळे भरावामागं गेलो आणि बार उडाला. पाणी लागलं. कानिफनाथाच्या आयुष्यातलं पहिलं. तो धावत गेला, ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि पचकन थुंकला. खारट. वर इंद्रधनुष्यासारखा तेलकट तवंग, आणि वास असा की डोळे चुरचुरावेत.

"पानी लागंल म्हनलं हुतं," तो तोंड पुसत म्हणाला. "ग्वाड लागंल आसं म्या कवा म्हनलं?"

दोन दिवसांनी मी पुन्हा मुंबईला फोन लावला. कारकून खुशीत होता. इंजिन मंगळवारी दुपारी सुरू झालं, म्हणाला. काय बिघडलं होतं आणि काय दुरुस्त झालं ते चीफ इंजिनियरला अजून सांगता येत नाही, पण जहाज निघालंय. आमचा बार मंगळवारचा.

हे मी झुंबरबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हाईत हाय." आणि त्या दिवसापासून जेवायला लागली.

आसाराम आला तो वैशाखात. पाथर्डीच्या एसटीतून उतरला, हातात रेडिओ, अंगावर गुलाबी शर्ट. सगळं गाव आडवं आलं. झुंबरबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आणि घरीसुद्धा जाऊ न देता त्याला सरळ तलावावर आणलं. मीही होतो. मला नगरचा हुकूम तोवर आला होता. मी तो मिळालाच नाही असं कळवलं होतं.

खड्ड्याच्या काठावर आसाराम थबकला. नाक वर केलं. खाली उतरून त्यानं पाण्यात दोन बोटं बुडवली, एकमेकांवर चोळली, वास घेतला. त्याचा चेहरा उतरला.

"हे कुनी आनून वतलं हितं?"

"का रं?"

"हे टाक्या धुतल्यालं पानी हाय, बाय. तेल खाली केल्यावर समिंदराच्या पान्यानं टाक्या धुतो आमी. हाच वास. दोन साल ह्याच वासात निजलो मी."

लोकांत एक लाट गेल्यासारखं झालं. बायकांनी एकमेकींचे हात धरले. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याहून जास्त, कबूल करतो, आनंद झाला. मला राहवेना. मी विचारलं, "आसाराम, डाकारपाशी जहाज अडकलं होतं ना, तेव्हा नेमकं काय झालं? मंगळवारी दुपारी? इंजिनात तू होतास का?"

सगळे पुढं सरकले.

"कंचं डाकार?" आसाराम म्हणाला.

"अरे, इंजिन बंद पडलं होतं…"

"पडलं आसंल, गुरुजी. मला काय म्हाईत? मला केपटाऊनलाच उतरिवलं. पोटात दुखाया लागलं, आपेंडिस निगालं. लाँच आली, दवाखान्यात न्हेलं, कापलं. जहाज तसंच गेलं म्होरं. मी दुसऱ्याच बोटीनं आलो, कंपनीनं तिकिट दिलं."

झुंबरबाई बाभळीखालच्या डोणीकडं बघत होती.

"मंग मी हाक मारली तवा," ती म्हणाली, "हात कुनी लावला?"

आसारामला वाटलं, आईचा आपल्यावर विश्वास बसला नाही. त्यानं गुलाबी शर्ट वर करून टाके दाखवले. टाके चांगले भरून आले होते.